तांदूळ उष्टे होऊ नयेत म्हणून

आमच्याकडं लग्न ठरलं की मुलगा-मुलीनं एकमेकांचं तोंड बघायचं नाही, ते थेट अंतरपाट खाली आल्यावरच. हे तेव्हा सगळीकडंच होतं. पण आमच्या लोकांत त्याला एक शेपूट होतं, आणि माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते त्या शेपटामुळं.

लग्न ठरलं की दोन्ही घरांनी आपापल्या शेतातला तांदूळ आणायचा. तो एका सुपात ओतून दोन्हीकडच्या बायकांनी हातानं कालवायचा. एकदा कालवला की कुठला दाणा कुणाचा ते देवालाही सांगता येत नाही. मग त्याचे दोन वाटे करायचे, फडक्यात बांधायचे आणि एक गाठोडं मुलाच्या घरी, एक मुलीच्या घरी आढ्याला टांगायचं. लग्नात अक्षता त्याच. मधल्या काळात दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं, तर ते तांदूळ उष्टे झाले. गाठोडी सोडून पाखरांना टाकायची, आणि तांदूळ पुन्हा कालवायचे की नाही हे दोन्ही घरांना नव्यानं विचारायचं. त्या वेळी कुणी नको म्हटलं तर त्याला दोष नव्हता. मुलीच्या नावाला बट्टा नाही, बापाला चारचौघांत मान खाली घालायला नको. ठरलेलं लग्न मोडायची तेवढी एकच वाट आमच्यात होती.

म्हातारी माणसं ही रीत पोरांना धाक घालायला सांगायची. मला मात्र वाटतं, ती कुणा पोळलेल्या आईनं काढली असणार. पुरुषांच्या डोक्यात असलं काही येत नाही.

आमचं घर दिग्गीच्या बाजूला, रानात. चार घरं इथं, दोन ओढ्यापलीकडं, मधे सगळं जंगल. भात करायचो, थोडी नाचणी, आणि मळणी उरकली की जंगल खात्याच्या कामावर बांबू तोडायला जायचो. तेव्हा तालुक्याला सुपा तालुका म्हणत, आणि बाजार, शाळा, कचेरी जे काही होतं ते सुप्याला. पावसाळा लागला की सुपा आम्हाला परका व्हायचा. नदी भरली की मीठ संपलं तरी मिठाशिवाय जेवायचं.

त्या पावसानंच आमच्या मुलखाचं नाव बद्दू केलं होतं. रानात हिवताप. आम्ही इथंच जन्मलेली माणसं हुडहुडत, कण्हत का होईना, त्यातून उठायचो. पण खानापूरकडच्या उघड्या मुलखातून लग्न होऊन आलेल्या पोरी पहिल्या-दुसऱ्या पावसातच आडव्या व्हायच्या. माझ्या थोरल्या भावाची बायको तशीच गेली. वहिनीला जळवांची फार किळस. शेतात उतरायच्या आधी पायांना तंबाखू-चुना फासून बसायची आणि आम्ही तिला हसायचो. जळवांनी तिचं काही केलं नाही. तिला तापानं नेलं, ऐन श्रावणात, आणि आई कितीतरी दिवस चुलीपुढं बसून नुसती लाकडं आत सारत राहिली.

असं असूनही माझं जमलं ते खानापूरकडचंच. जमवलं आत्तीनं, म्हणजे माझ्या बापाच्या धाकट्या बहिणीनं. तिला उलट रानातून खाली उघड्यावर दिलेली, त्यामुळं ती टुणटुणीत होती. तिच्या शेजारच्या घरातली ही मुलगी. आमच्यातलेच लोक, खाली उतरून शेती करणारे, रीत तीच. मुलीची आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तिचं करता करता मुलीचं वय वाढलं. आई गेली तेव्हा ही अठराच्या घरात, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं घोडनवरी. खाली कुणी विचारेना, तेव्हा बापानं वर रानात द्यायला होकार भरला. मुलीला कुणी विचारलं नसणार, हे मला तेव्हाही कळत होतं.

तांदूळ मार्गशीर्षात कालवले. लग्न वैशाखात. मधल्या दिवसांत मी आढ्याला टांगलेल्या त्या गाठोड्याखाली झोपायला लागलो. आईनं दोनदा अंथरूण उचलून पलीकडं नेलं, मी परत तिथंच. शेवटी तिनं नाद सोडला.

त्या मुलीबद्दल मला जे काही माहीत होतं ते आत्तीच्या तोंडून, आणि आत्ती एक सांगायची तर चार गिळायची. आवाज जाड आहे, म्हणाली. बैलाला शिव्या घालते आणि मग त्यालाच गूळ चारते. डावखुरी आहे. रंग? आत्ती म्हणायची, "माणसाचा असतो तसा." नाक? "हाय की जागेवर." मी चिडलो की ती पदर तोंडाला लावून हसायची.

बांबू तोडताना माझ्या डोक्यात दुसरं काही नसे. न बघितलेल्या बाईची एवढी ओढ कशी लागते, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पाणी पिताना वाटायचं, ती इथं उभी राहून पाणी भरेल. वाटेवर दगड वर आलेला दिसला की तिला ठेच लागेल म्हणून उपटून टाकायचो. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेकडं बघून माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. ती डावखुरी म्हणून सुप्याच्या बाजारात लोहाराकडं जाऊन डाव्या हाताचा विळा करायला टाकला. भात कापायच्या विळ्याला दाते असतात, ते उजव्या हाताच्या माणसासाठी पाडलेले. लोहारानं मला खालून वर बघितलं आणि म्हणाला, "नवरीचं तोंड अजून बगितलं न्हाईस, आन् तिचा हात कसा ठावं रं तुला?" दुकानातली माणसं खो खो हसली. मी विळा घेतल्याशिवाय हललो नाही.

पौषात आत्ती आमच्याकडं आली ती तोंड उतरवून. आई पाण्याला जाईपर्यंत गप्प बसली, आणि मग माझ्याकडं सरकून म्हणाली, "ती म्हनत्या, उळवीच्या जत्रंत मला त्यास्नी बगायचं हाय."

"बगायचं म्हंजे?"

"बगायचं म्हंजे बगायचं! तोंडासमोर. मी म्हटलं, अगं बाई, तांदूळ उष्टं हुतील. तर म्हनत्या, ते मला ठावं हाय."

उळवीची जत्रा माघात. आम्ही दरवर्षी जायचो, तेही खालून गाड्या जुंपून यायचे, त्यात काही वावगं नव्हतं. पण ‘ते मला ठावं हाय’ याचा अर्थ काय लावायचा? मला बघायची तिलाही तेवढीच ओढ लागली होती, की तिला ते गाठोडं सुटायला हवं होतं? माझ्या वहिनीचं काय झालं ते त्यांच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. कुठल्याही शहाण्या मुलीनं वाट शोधली असती, आणि वाट एकच होती. ती वाट माझ्या तोंडावरून जात होती.

"मी काय सांगू तिला?" आत्ती म्हणाली.

"जाताना सांगतो."

आत्ती चार दिवस राहिली आणि चारही दिवस मी तिला चुकवून फिरलो. मला ती हवी होती. हे मी आज सरळ लिहितो, तेव्हा कुणापाशी बोलायची सोय नव्हती. गेलो नाही तर वैशाखात ती माझ्या घरात येणार, हे पक्कं. गेलो तर तिचा चेहरा दिसेल, आणि कदाचित तेवढा एकदाच दिसेल. मनात दोन्ही बाजू लढायच्या आणि मी बांबूवर कोयता आपटत बसायचो. मुकादम ओरडला, तोडतोयस की कुटतोयस म्हणून.

शेवटी आईला सांगितलं. ती परसात हळद उकडत होती. मला वाटलं, ती आत्तीची खरडपट्टी काढेल, मुलीला आगाऊ म्हणेल. तिनं हंड्यातली हळद एकदा ढवळली. मग म्हणाली, "बगायचं म्हंजे सोडायची तयारी ठेवायची, येवढं कळतंय न्हवं तुला?"

"कळतंय."

"मग जा." आणि चुलाण्यातलं लाकूड पुढं ढकलत म्हणाली, "थोरल्या सुनंला कुनी इचारलं न्हवतं."

मी आत्तीला होकार दिला.

उळवीला आम्ही बैलगाडीनं गेलो, आई, मी आणि शेजारची दोन म्हातारी माणसं. वाटेवर धारवाडकडच्या, बेळगावकडच्या गाड्या लागल्या, कानडी-मराठी सगळा एकच गलका, बैलांच्या शिंगांना गोंडे, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेली माणसं. त्या धुळीतच डोळे चोळताना मला युक्ती सुचली. तांदूळ उष्टे होतात ते एकमेकांना बघितल्यावर. एकानंच बघितलं तर? मी डोळे मिटून बसलो आणि तिनं मला हवं तेवढं बघून घेतलं तर रीत मोडत नाही. तिची इच्छा पुरी, आणि गाठोडं जागच्या जागी. मी खूश होऊन आईच्या कानात सांगितलं.

आई माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "लबाडा. आन् तिला न्हाई म्हनायचं असलं तर? दार तू आतनं लावून घेनार आन् तिला म्हननार, बग बाई खिडकीतनं?"

मी वरमलो. पुढचा सगळा रस्ता ती माझ्याशी बोलली नाही. पण गाडीतळावर बैल सोडताना मीच तिला म्हणालो, की डोळे मिटून बसेन खरा, पण उघडायचे कधी ते मुलगी सांगेल. ती ‘बगा’ म्हणाली की उघडेन. आईनं मान हलवली आणि बैलांपुढं पेंढ्या टाकायला लागली. माणसं देवळाकडं गेली की तिला आण, मी डोळे मिटून बसतो, एवढंच मी आत्तीला गाठून सांगितलं.

रथ ओढायची वेळ झाली तशी गाडीतळावरची माणसं देवळाकडं पळाली. केळी आणि खारका रथावर फेकायच्या असतात, ज्याच्या त्याच्या ओच्यात त्याच. आईसुद्धा दोन्ही म्हाताऱ्यांना घेऊन गेली. आमची गाडी कडेला, करंजाच्या सावलीत टेकवलेली होती. मी जुवावर बसलो, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. बैल रवंथ करत होते. दुपारचं ऊन पापण्यांवर तांबडं दिसत होतं.

आधी आत्तीच्या जोडव्यांचा आवाज आला. ती म्हणाली, "मी त्या पलीकडच्या गाडीशी हाय. लवकर आवरा." आणि ती गेली. दुसरी पावलं मात्र जागेवरच थांबली. काकणं एकदा वाजली.

"मिटल्यात काय खरंच?"

हा तिचा पहिला शब्द. आवाज आत्ती म्हणाली होती तसाच, जाड, किंचित फुटका.

"व्हय."

"शपथ?"

"उळवीच्या देवाची."

माझ्या डोळ्यांपुढं वारा हलला. ती हात हलवून बघत होती. मी पापणी हलू दिली नाही. मग घसा खाकरून, घोकून ठेवलेलं सगळं एका दमात बोललो. "तू नुसतं ‘बगा’ म्हन. मी डोळं उघडतो. तांदूळ उष्टं हुतील. घरी मी सांगीन, मीच बगितलं म्हनून. तुला कोन काय बोलनार न्हाई. मग तुझं तू ठरव."

"आन् न्हाई म्हटलं तर?"

"तर वैशाखात बगू."

पावलं माझ्याभोवती फिरली. बैल घेताना माणूस फिरतो तशी ती सावकाश फिरत होती, आणि मला राग यायच्या ऐवजी बरंच वाटत होतं. मागं उभी राहून तिनं विचारलं, "पानी लांब हाय काय?"

"न्हाई. परसाखालीच व्हाळ हाय."

"तुम्ही पिता काय?"

"शिमग्याला. थोडी."

"सासूबाई मारत्यात?"

"मला मारत्यात. सुनंला कधी न्हाई."

ती हसली नाही. पुढं आली असणार, कारण आवाज समोरून आला. "तुमच्या वैनी तापानं गेल्या म्हनं."

"व्हय."

"औषध न्हवतं?"

"काढं दिलं. सुप्याला न्यायचं तर नदी भरलेली."

"आन् मला ताप आला तर?"

खोटं बोलायला काहीच लागत नव्हतं. डोळे मिटलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं असतं, समोरचं तोंड दिसत नाही. पण आई म्हणाली होती ते खिडकीचं वाक्य कानात होतं. मी म्हणालो, "पावसात आला तर आमचं काय चालत न्हाई."

बराच वेळ गेला. देवळाकडून ढोल ऐकू येत होता.

"खोटं बोलायला काय झालं हुतं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"तू तोंडावर इचारलंस."

मग ती म्हणाली, "पटका काढा." मला कळेना. "डोकीवरचा पटका. काढा की." मी काढून मांडीवर ठेवला. काहीतरी फुसकन फुटलं. पदर तोंडात कोंबला असावा तिनं, तरी हसू बाहेर येत होतं.

"काय झालं?"

"कान."

"काय कानाचं?"

"आत्तीनं सांगितलं न्हवतं!"

माझे कान मोठे आहेत, हे सगळ्या सुपा तालुक्याला माहीत होतं. ते तापलेले मला जाणवले. आणि तेवढ्यात रथ हलला. हर हर महादेवचा एवढा मोठा गजर उठला की बांधलेले बैल उभे राहिले, घंटा वाजल्या. त्या गजरात ती काही म्हणाली असती तरी मला ऐकू आलं नसतं. मी तोंड तिच्याकडं करून बसलो, आणि सगळं जग रथावरच्या देवाकडं मागत असताना मी एकच मागितलं. हिनं तो शब्द म्हणू नये. मला तिचं तोंड बघायची तहान लागलेली, आणि मी देवाला हात जोडत होतो की मला ते दिसू नये.

गजर ओसरला. ती अजून तिथंच होती, श्वास ऐकू येत होता. किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही.

मग माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं गेलं. ठेवताना बोट लागलं, गरम.

"मी जातो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. "लगेच उघडू नका. मी लांब जाऊ दे."

मी इतका वेळ उघडले नाहीत, की आई परत आली आणि तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "गेली ती कवाच. उघड आता." हातात खारीक होती. आईनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, कान मोठे आहेत म्हणाली. आई खाली बसली आणि देवळाकडं तोंड करून तिनं जमिनीला डोकं टेकलं.

त्यानंतरचे फाल्गुन-चैत्र मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आधी रिकाम्या जागेची ओढ होती, आता त्या जागेला आवाज आला होता. रानात कुठं बाई बोलली की मी वळून बघायचो. जेवताना आई म्हणायची, ताटात बघ. रात्री आढ्याकडं बघून मी त्या गाठोड्याला मनात म्हणायचो, टिक बाबा. आत्तीला मी नको नको ते विचारलं, आणि आत्ती म्हणाली, तीही तसंच विचारते, तुम्ही दोघं मला वेडी कराल.

वैशाखात अंतरपाट धरला. कापड जाडं, पलीकडं नुसत्या पायांची बोटं दिसत होती, डाव्या पायाचा अंगठा जरा वाकडा. भटजी मंगलाष्टकं लांबवतच होते. कापड खाली आलं तेव्हा मी अधाशासारखं बघितलं. रुंद कपाळ, नाक खरंच जागेवर, हनुवटीवर जुना व्रण. सगळ्या नवऱ्या मान खाली घालतात, हिनं आधी माझ्या बाशिंगाच्या दोन्ही बाजूंनी कान शोधले आणि ओठ दाबून धरले. मी पहिल्यांदा बघत होतो, ती दुसऱ्यांदा. मी मागं पडलो होतो, आणि मला त्याचा काय आनंद झाला होता!

ती आली आणि घराला तोंड फुटलं. ओढ्यापलीकडून तिची हाक ऐकू यायची, बैल तिच्या आवाजावर थांबायचे. डाव्या हातानं ती असं सरसर भात कापायची की ओळीत तिच्या शेजारी कुणी बसायला तयार नसे, कोपर लागायचं. आई तिच्याशी दिवसभर भांडायची आणि संध्याकाळी तिच्याच केसांना तेल लावायची. मी एकदा विचारलं, "त्या दिवशी ‘बगा’ का म्हनली न्हाईस?" ती नाचणीच्या भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "म्हननारच हुतो. त्याच्यासाठीच आलो हुतो मी."

"मग?"

"तुम्ही खोटं बोलला न्हाईसा. तवा जरा गप बसलो. मग पटका काढला तुम्ही." आणि तिला तेव्हाही हसू फुटलं. "हसत हसत न्हाई कसं म्हनायचं मानसानं?"

पहिल्या पावसात तिला ताप आला आणि ती उठली. आम्ही म्हटलं, निभावलं. दुसरा पाऊस नुसता गेला, साधी शिंकसुद्धा नाही. आई म्हणायला लागली, ही आता रानाची झाली. तिसऱ्या पावसात भाद्रपदात ताप आला तो उतरेचना. काढे दिले, अंगारे लावले. नदी भरली होती. उळवीला मी जे सांगितलं होतं तसंच अक्षरशः झालं. आमचं काही चाललं नाही. तिला ते ठाऊक होतं, म्हणून तिनं एकदाही सुप्याला न्या म्हटलं नाही. शेवटी शेवटी हुडहुडी भरली की ती माझा कान मुठीत धरायची आणि झोपायची.

माझं दुसरं लग्न झालं. ती आमच्याच बाजूची, रानातली, तिला मी आधी दोनदा बाजारात बघितली होती आणि जशी बघितली तशीच ती निघाली. मुलं झाली, नातवंडं झाली. तिनं माझा संसार केला, तिच्याबद्दल मी वावगं काही लिहिणार नाही. ताप आता पूर्वीसारखा राहिला नाही, औषधाच्या गोळ्या आल्या, फवारे आले. ते आले त्या वर्षी मी फवारा मारणाऱ्या माणसावर उगाचच खेकसलो. त्याला काय कळणार, कुणाचा राग आहे.

एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही. पहिलीचा चेहरा माझ्याकडून निसटायला लागलाय. फोटो कुठला असणार? कपाळ आठवतं, हनुवटीवरचा व्रण आठवतो, पण ते एकत्र आणायला गेलो की कुणा दुसऱ्याच बाईचं तोंड होतं. आवाज मात्र जसाच्या तसा आहे, कारण तो मी डोळे मिटून ऐकला होता. दुपारी मी ओसरीवर डोळे मिटून बसलो की घरातल्यांना वाटतं म्हाताऱ्याला डुलकी लागली. मी उळवीच्या गाडीतळावर असतो. पापण्यांवर ऊन असतं, रथाचा गजर ओसरलेला असतो, आणि ती पुढ्यात उभी असते. तेव्हा मी देवाकडं मागितलं होतं, तिनं तो शब्द म्हणू नये. आता रोज तोच शब्द मागतो. म्हण, बाई. तांदूळ पाखरं खाऊ देत. तू आपल्या उघड्या मुलखात, दुसऱ्या कुणाच्या चुलीपुढं म्हातारी हो, माझं नावही विसर. पण ‘बगा’ म्हण, म्हणजे मला डोळे उघडता येतील.